सोलापूरच्या कब्रस्ताने, रुद्रभूमी आणि दफनभूमींची नोंद कशी करावी

सोलापूरच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण भुईकोट किल्ला, सिद्धेश्वरांचे मंदिर, १९३० चा मार्शल लॉ आणि कापडगिरण्या एवढ्यावर थांबतात. या शहरात कोण कोठून आले, कोणती भाषा बोलत आले, किती पिढ्या टिकले आणि कोणत्या वर्षी कोणत्या वस्तीतली माणसे एकदम मोठ्या संख्येने गेली, याची उत्तरे मात्र त्या लेखनात क्वचित सापडतात. ती शहराच्या दफनभूमींमध्ये बऱ्याच अंशी सापडू शकतात, पण त्यासाठी त्या भूमींची पद्धतशीर नोंद व्हायला हवी. दगड झिजतात, फरशी फुटते, नवी भिंत बांधताना जुन्या ओळी सरकवल्या जातात आणि ज्यांना कोणाची कबर कोठे आहे हे ठाऊक होते ती माणसेही एकेक करून जातात. ज्यांना आपल्या भागातील एखाद्या दफनभूमीची नोंद स्वतः करायची आहे, मग ते शिक्षक असोत, निवृत्त कर्मचारी असोत, की महाविद्यालयीन विद्यार्थी असोत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक तत्त्व सांगून ठेवतो, कारण पुढील सर्व सूचना त्यातूनच निघतात. कोणताही दगड एकटा वाचू नये. एका दगडावर एक नाव आणि एक तारीख मिळते; पण त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे दगड, त्यांची ओळ, त्यांची भाषा आणि त्यांचा दगड कोणत्या खाणीचा आहे हे पाहिले की कुटुंब, व्यवसाय आणि स्थलांतर दिसू लागते. नावांची यादी करणे म्हणजे नोंद करणे नव्हे. नोंद जागेसह आणि शेजारासह झाली पाहिजे.

कोणती भूमी निवडावी

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत आणि त्या चारही भाषांचे लेख येथील मृतांच्या दगडांवर मिळतात. मोदी, रूपाभवानी, अक्कलकोट रस्ता ही नावे शहरातील कोणत्याही माणसाने अंत्ययात्रेच्या निमित्ताने ऐकलेली असतात. पहिल्याच वेळी मोठी भूमी हाती घेऊ नये. दोनशे-अडीचशे दगडांचा एखादा कोपरा किंवा जुन्या गावठाणाला लागून असलेली छोटी जागा निवडावी आणि ती पूर्ण करावी. अर्धवट राहिलेली मोठी नोंद पुढे कोणाच्याच कामी येत नाही.

दहनभूमीत दगड कमी असतात, म्हणून तेथे काही मिळणार नाही असे समजू नये. शेड, बाक, पाण्याची टाकी, विसाव्याचा कट्टा यांवर कोणाच्या स्मरणार्थ ते दिले याची फरशी असते, आणि देणाऱ्याचे आडनाव, पेठ व वर्ष एवढ्यावरून त्या काळी कोणत्या घरांकडे पैसा आणि मान होता हे समजते. त्याखेरीज हिंदू समाजात लहान मुलांना, तसेच गोसावी आणि नाथ परंपरेतील साधूंना पुरण्याची रीत आहे, त्यामुळे अनेक दहनभूमींच्या कडेला छोटे चौथरे आढळतात. त्यांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये.

प्रत्येक समाजाची मांडणी वेगळी असते आणि ती आधी समजून घेतली नाही तर नकाशा चुकतो. मुस्लिम कब्रस्तानात कबर उत्तर-दक्षिण असते, डोके उत्तरेला आणि चेहरा उजव्या कुशीवर किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेकडे वळवलेला. जुन्या घडीव कबरींत वरच्या पाषाणावर मध्ये उंचवटा म्हणजे कलमदान असेल तर ती पुरुषाची आणि सपाट तख्ती असेल तर ती स्त्रीची, असा दख्खनमधला संकेत आहे. लेख झिजून गेला असला तरी एवढे तरी नोंदवता येते. वीरशैव लिंगायत समाजात मृताला बसलेल्या स्थितीत, इष्टलिंगासह, समाधी देतात, म्हणून त्यांच्या रुद्रभूमीतील चौथरा लांबट नसून बहुधा चौकोनी असतो आणि त्यावर शिवलिंग किंवा नंदी असतो. ख्रिस्ती दफनभूमीत पूर्व-पश्चिम मांडणीची जुनी परंपरा आहे, मात्र जागा अपुरी पडू लागली की ती मोडलेली दिसते. मांडणी नेमकी कोठून मोडली याचीही नोंद घ्यावी, कारण जागेची टंचाई कधी सुरू झाली हे त्यावरून ठरवता येते.

परवानगी आणि वागणूक

विनापरवानगी आत जाऊन फोटो काढणे टाळावे. कब्रस्तानासाठी मुतवल्ली म्हणजे वक्फ जागेचे कारभारी किंवा जमातीचे ट्रस्टी, रुद्रभूमीसाठी समाजाची संस्था, ख्रिस्ती भूमीसाठी मंडळीचे पाळक किंवा पंच, आणि महापालिकेच्या ताब्यातील जागांसाठी संबंधित विभागीय कार्यालय, अशी विचारणा करावी. लेखी अर्ज करावा, त्यात काय करणार आहोत आणि काय करणार नाही हे दोन्ही लिहावे, आणि तयार झालेल्या नोंदीची एक प्रत त्यांनाच देऊ असे कबूल करावे. या शेवटच्या वाक्याने जेवढी दारे उघडतात तेवढी कोणत्याही शिफारसपत्राने उघडत नाहीत. जागेच्या मालकीचा वाद चालू असेल तर तेथे हात घालू नये. नोंदवहीतला तुमचा नकाशा उद्या कोणाच्या तरी दाव्यात जोडला जाऊ शकतो.

दफनस्थळी अनधिकृत प्रवेश करून कोणाच्या भावना दुखावणे किंवा मृतांचा अवमान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्यावे. कबरीवर पाय देऊ नये, टेपपेटी किंवा पिशवी चौथऱ्यावर ठेवू नये, मय्यत येत असेल तर काम थांबवून बाजूला उभे राहावे. काही ठिकाणी स्त्रियांनी आत न जाण्याची रीत आहे. आपल्या गटात स्त्रिया असतील तर आधी स्पष्ट विचारून घ्यावे. नकार मिळाल्यास घरोघरच्या मुलाखतींचे आणि कागदपत्रांचे काम त्यांच्याकडे द्यावे, आणि ते काम दगड वाचण्यापेक्षा कमी महत्त्वाचे मुळीच नाही.

हंगाम, प्रकाश आणि साफसफाई

पावसाळ्यानंतर गाजरगवत आणि वेडी बाभूळ इतकी माजते की दगड सापडत नाहीत, आणि सापडले तरी गवतात घोणस असण्याची भीती असते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या उन्हात फरशीवर हात टेकवत नाही. दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर काम सुरू करावे आणि शिवरात्रीपूर्वी संपवावे.

झिजलेला लेख वाचण्यासाठी समोरून पडणारा प्रकाश निरुपयोगी असतो. दगडाच्या पृष्ठभागाला घासून जाणारा तिरपा प्रकाश हवा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली भरते. आडव्या फरशीसाठी सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास योग्य. पूर्वेकडे तोंड असलेल्या उभ्या दगडावर मात्र सकाळी प्रकाश समोरून पडतो आणि अक्षरे सपाट दिसतात; त्याच दगडापाशी दुपारी बारा वाजण्याच्या थोडे आधी उभे राहिले तर ऊन पृष्ठभागाला घासून जाते आणि सकाळी न दिसलेली ओळ उठून येते. पश्चिमाभिमुख दगडासाठी हीच वेळ बारानंतरची. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर हिवाळ्यात ऊन पडतच नाही, तेथे हातभर लांबीचा साधा आरसा उपयोगी पडतो: एकाने उन्हात उभे राहून कवडसा दगडावर बाजूने टाकावा आणि दुसऱ्याने वाचावे. झाडाखालच्या दगडांसाठी काळ्या चादरीचा आडोसा करून मोबाईलची बॅटरी एका कडेने धरली तरी चालते.

अक्षरांत खडू, पीठ, चुना किंवा ऑइलपेंट भरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडून द्यावी. रंग भरणारा माणूस त्याला जे दिसले तेच अक्षर कायमचे करून टाकतो, आणि त्याचा अंदाज चुकला असेल तर खरे अक्षर पुढच्या वाचकासाठी हरवते. साफसफाईसाठी स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि शेवाळ काढायला बांबूची कामटी एवढेच वापरावे. सोलापूर परिसरात जुन्या आणि साध्या कबरींवर शहाबादी फरशी भरपूर वापरलेली दिसते. ती चुनखडीचा दगड आहे, आणि संगमरवराप्रमाणे तीही ॲसिडने विरघळते. संडास साफ करण्याचे ॲसिड एकदा टाकले की लेखाचा वरचा थरच निघून जातो. शहाबादीला पापुद्रे सुटतात, म्हणून सुटलेला पापुद्रा ओढू नये. तो आहे तसा ठेवून फोटो घ्यावा. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास वाळल्यावर पांढरा थर बसतो, तेव्हा शक्यतो पिण्याचे पाणी न्यावे. तारेचा ब्रश घरीच ठेवावा.

नकाशा आणि क्रमांक

मोबाईलमधील स्थानदर्शक काही मीटरने चुकतो, आणि दोन कबरींतले अंतर हातभरही नसते. म्हणून त्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. भूमीच्या दोन न हलणाऱ्या गोष्टी निवडाव्यात, उदाहरणार्थ कमानीचा उजवा खांब आणि विहिरीचा कठडा, आणि त्यांच्या मध्ये सरळ दोरी ताणून तिच्यापासून प्रत्येक दगडाचे अंतर टेपने मोजावे. विभागाला अक्षर, ओळीला क्रमांक आणि दगडाला क्रमांक द्यावा, जसे क-४-१७. लेख नसलेल्या, मातीच्या ढिगाऱ्याएवढ्या उरलेल्या, किंवा केवळ दोन बोडके दगड रोवलेल्या कबरीलाही क्रमांक मिळालाच पाहिजे. नाव असलेल्यांनाच क्रमांक देणारी नोंद ही श्रीमंतांची नोंद होते.

प्रत्येक क्रमांकासाठी एक पान असावे. त्यावर दगडाचा प्रकार, लांबी-रुंदी-उंची, तोंडाची दिशा, लेखाची लिपी, लेख जसाच्या तसा, लगतच्या दोन्ही बाजूंचे क्रमांक आणि सद्यःस्थिती लिहावी. फोटो तीन घ्यावेत: एक दगडाचा समोरून, एक लेखाचा जवळून, आणि एक दोन-तीन पावले मागे जाऊन शेजारच्या कबरींसह. हा तिसरा फोटो बहुतेक जण घेत नाहीत, आणि पुढे नेमका तोच लागतो. फोटोत मोजपट्टी ठेवावी आणि क्रमांकाची चिठ्ठी दगडावर न चिकटवता बाजूला जमिनीवर धरावी.

लेख उतरवताना दगडावरची ओळ जेथे संपते तेथे तिरकी रेघ द्यावी, गेलेली अक्षरे चौकटी कंसात टाकावीत आणि अंदाजाने भरलेले अक्षर वेगळे दाखवावे. शुद्धलेखन सुधारू नये. ‘शोलापूर’ लिहिले असेल तर ‘शोलापूर’च उतरवावे, पाथरवटाने ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली असेल तर ती त्याच्या अक्षरओळखीचा पुरावा आहे. आपले वाचन, अर्थ आणि तर्क यांसाठी पानाच्या खालचा भाग राखून ठेवावा.

लिप्या आणि आकडे

तेलुगू आणि कन्नड लिपी न शिकताही वेगळ्या ओळखता येतात. तेलुगू अक्षरांच्या माथ्यावर बहुधा ‘बरोबर’च्या खुणेसारखी तिरकी रेघ असते, तर कन्नडमध्ये ती आडवी होऊन टोकाशी वळते. वाचनासाठी त्या भाषेचा जाणकार हवाच. शहराच्या पूर्वभागात तेलुगू वाचणारे आणि जुन्या पेठांत कन्नड वाचणारे वयस्क लोक अजून सहज भेटतात. त्यांना फोटो पाठवण्यापेक्षा दगडापाशी घेऊन यावे. दगडासमोर उभा राहिलेला माणूस अक्षर वाचता वाचता हे घर कोणाचे, हे मूळचे करीमनगरकडचे की नलगोंड्याकडचे, हेही सांगून जातो.

उर्दू लेखांत खरी अडचण आकड्यांची असते. त्यांत शून्य म्हणजे केवळ एक टिंब असते आणि झीज सर्वांत आधी त्यालाच खाते, त्यामुळे १३१० चे १३१ उरते. दोन आणि तीन यांच्यात एका दात्याचा फरक असतो. सात वर उघडा आणि आठ खाली उघडा असतो, म्हणून उलटा बसवलेला तुटका तुकडा वाचताना सात-आठची गल्लत होते. देवनागरीत झिजलेले १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. आकडा संशयास्पद असेल तर त्याच्या दोन्ही शक्यता लिहाव्यात. उर्दू-फारसी लेखांत कधी साल आकड्यांत न देता शेवटच्या ओळीच्या अक्षरमूल्यांच्या बेरजेत दडवलेले असते. अशी ओळ वाटली तर ती अर्थाशिवाय, अक्षरशः उतरवून जाणकाराकडे न्यावी.

तारखांचा मेळ

नोंदीतला सर्वांत किचकट आणि सर्वांत फलदायी भाग हाच आहे. सोलापूरच्या दगडांवर इसवी सन, शक, विक्रम संवत, हिजरी आणि निजामाच्या मुलखाला लागून असल्यामुळे क्वचित फसली म्हणजे महसुली सन, अशा निरनिराळ्या गणना मिळू शकतात, आणि त्या एका मापात आणल्याशिवाय शेजारचे दोन दगड एकमेकांशी बोलत नाहीत.

शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावेत. सोलापूरच्या माणसाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग-कुडलच्या मंदिरात ‘वाछितो विजेया होइवा’ हा मराठी शिलालेख आहे, त्यावरील शक ९४० म्हणजे इ.स. १०१८. गुजराती आणि मारवाडी घरांच्या स्मारकांवर विक्रम संवत असतो. त्यातून ५७ वजा करावेत आणि वर्षाच्या उत्तरभागासाठी ५६. मात्र गुजराती वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात बदलते आणि मारवाडी चैत्रात, म्हणून महिना पाहिल्याशिवाय वजाबाकी करू नये. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवावेत. हिजरी वर्ष चांद्र असल्याने साध्या बेरजेने जमत नाही: हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत, म्हणजे साधारण वर्ष कळते, आणि नेमकी तारीख तयार कोष्टकातून काढावी.

तेलुगू आणि कन्नड लेखांत अनेकदा आकडा नसून संवत्सराचे नाव असते. साठ नावांचे हे चक्र पंचांगात दिलेले असते. गुढीपाडव्याला आपण जे संवत्सर ऐकतो तेच ते. अडचण अशी, की नाव साठ वर्षांनी परत येते. ‘कालयुक्त’ म्हणजे १९१८-१९ असेल, १८५८-५९ असेल किंवा १९७८-७९ही असेल. अशा वेळी दगडाची घडण, लिपीचे वळण आणि शेजारच्या दगडांची वर्षे यांवरून निर्णय घ्यावा लागतो. सुरुवातीला सांगितलेल्या तत्त्वाचा उपयोग येथे सर्वांत जास्त होतो.

याचा फायदा काय, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एका कब्रस्तानात मोहरम १३३७ हिजरी असलेले काही दगड मिळाले, रुद्रभूमीत कालयुक्त संवत्सराचा आश्विन मिळाला, एका मराठी समाधीवर आश्विन शके १८४० मिळाला आणि ख्रिस्ती दफनभूमीत ऑक्टोबर १९१८ मिळाला. वेगवेगळ्या वह्यांत ही चार वेगळी वर्षे दिसतील. गणित केले की चारही जवळजवळ एकाच महिन्यात येतात, आणि तो महिना मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाची साथ शिगेला पोहोचल्याचा आहे. अशी गर्दी दिसली की त्या ओळीतील वये पाहावीत. त्या साथीत तरुण आणि कर्ती माणसे विशेष दगावली. ओळीत वीस ते चाळीस वयाची माणसे जास्त असतील तर साथीचा तर्क बळकट होतो, आणि केवळ म्हातारी व मुले असतील तर दुष्काळ, पटकी किंवा दुसरे कारण शोधावे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १८९६ नंतरची प्लेगची वर्षे हीही अशीच तपासण्यासारखी आहेत. एक सावधगिरी मात्र हवी: साथीच्या काळात दगड बसवायला ना पैसा असतो ना पाथरवट, त्यामुळे सर्वांत वाईट महिन्याच्या जागी दगडांची रिकामी ओळही सापडू शकते.

दगड आणि व्यवसाय

रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली आणि सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी गिरणी, १८७० च्या दशकात उभी राहिली. दगडांतही हा बदल पाहावा. जवळपासच्या काळ्या पाषाणाच्या जाड, उंच घडाईच्या कबरी आणि रेल्वेमार्गावरच्या शहाबादहून आलेल्या पातळ, स्वस्त फरशीच्या कबरी यांची ओळीनुसार गणना केली तर साधा कामगारही आपल्या माणसाच्या नावाचा दगड कधी बसवू लागला याचा अंदाज येतो. नंतर संगमरवर, मोझेक, ग्रॅनाइट आणि हल्लीची छापील टाइल येते. कोणत्या दशकात कोणता दगड, हे एकदा आपल्या भूमीपुरते निश्चित झाले की तारीख नसलेल्या कबरींचा काळही ढोबळमानाने लावता येतो.

हुद्द्यांकडे लक्ष द्यावे. गिरणीतला जॉबर, मास्तर, मुकादम, रेल्वेचा गार्ड, पोलीस, हातमाग कारखानदार, मिशनच्या शाळेतील शिक्षिका. ज्याचा हुद्दा दगडावर कोरला गेला त्याचा त्या समाजात मान होता. ज्यांचे हुद्दे कधीच कोरले गेले नाहीत, त्या विडी वळणाऱ्या बायका आणि कांड्या भरणाऱ्या मुली, त्यांचा शोध कागदात आणि आठवणीत घ्यावा लागतो.

कागदपत्रे

दगड आणि कागद एकमेकांना तपासतात. कब्रस्तानात आणि रुद्रभूमीत अनेकदा दफनाची साधी वही असते. मुतवल्ली, गोरकन म्हणजे कबर खोदणारे, किंवा संस्थेचे कारकून यांच्या परवानगीने ती तेथेच बसून पाहावी, घरी मागू नये. मृत्यूची सरकारी नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली महापालिकेकडे असते. त्यापूर्वीच्या, विशेषतः हद्दवाढीत आलेल्या गावांच्या नोंदी गाव नमुना क्रमांक १४ मध्ये मिळू शकतात, आणि जुन्या पानांवर मोडी असल्यास वाचक सोबत न्यावा. जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका किंवा सातबारा, संस्थेसाठी धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एक, आणि कब्रस्तानासाठी वक्फ मंडळाची नोंद पाहावी.

ख्रिस्ती समाजासाठी साधने विशेष समृद्ध आहेत. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने काम केले. ते मिशन ज्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेचे होते, तिच्या कागदांचा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात आहे, आणि १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्रात मराठी ख्रिस्ती माणसांच्या मृत्यूच्या वार्ता येत. लष्कर आणि सदर बझार ही नावे ज्या छावणीची आठवण देतात तिच्या काळातील युरोपीय माणसांच्या दफनाची नोंद ब्रिटिश लायब्ररीतील मुंबई इलाख्याच्या एन/३ या मालिकेत शोधावी. महायुद्धातील सैनिकाचे नाव कागदात असून कबर सापडत नसेल तर खडकीच्या युद्ध स्मशानभूमीतील स्मारक पाहावे. भारतात इतरत्र पुरलेल्या आणि जपता न आलेल्या अनेक कबरींतील सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. स्थानिक वृत्तपत्रांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत विचारणा करावी.

ज्या सोलापूरकरांची कबर सोलापुरात नाही, त्यांचेही एक पान वहीत असावे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस येथे १९१० मध्ये जन्मले, १९४२ मध्ये चीनमध्ये वारले आणि त्यांची कबर शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या भूमीत आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. शहरात त्यांचे पुतळे आहेत, आणि दगडांच्या नोंदीत पुतळ्याखालच्या लेखाचाही समावेश व्हायला हरकत नाही.

ज्यांना दगड मिळाला नाही

कोणत्याही जुन्या भूमीत दगड असलेल्या कबरींपेक्षा दगड नसलेल्या कबरी जास्त असतात. कच्ची कबर काही वर्षांनी जमिनीला मिळते आणि त्या जागेवर पुन्हा दफन होते. शिवाय सोलापुरात जातीनुसार वेगवेगळ्या भूमी होत्या; कोणाची जागा नदी-नाल्याकाठच्या ओल्या पट्ट्यात आणि कोणाची चढावर, हे नकाशावर स्पष्ट दाखवावे. तो भाग अवघड वाटतो म्हणून गाळू नये. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या कुटुंबांची वस्ती आजही सेटलमेंट नावाने ओळखली जाते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्याचा जाच सुटला. त्या कुंपणाच्या आत जे वारले त्यांना कोठे पुरले, हा प्रश्न तेथील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवण्यासारखा आहे, आणि तो विचारायला फार वर्षे उरलेली नाहीत.

अशा ठिकाणी आठवण हाच पुरावा असतो. एका कब्रस्तानात वयस्क गोरकनचाचांनी मला लेख नसलेली एक ओळ लिंबाच्या झाडापासून पावले मोजत सांगितली: हे मोमीन घराणे, माग विकून गेले, ही दोन भावंडे, एकाच आठवड्यात, येथे कोणी नाही, खाली खडक लागला म्हणून सोडले. शेवटचे वाक्य मी आधी लिहूनच घेतले नव्हते, कारण मला ते निरर्थक वाटले. ‘ते पण लिहा साहेब, नाहीतर पुढे कोणी म्हणेल की इथली कबर गायब झाली,’ असे ते म्हणाले. रिकाम्या जागेचे कारणही नोंदवावे, हा नियम त्यांचा आहे.

लोकांशी बोलण्यासाठी शब-ए-बरात, सर्वपित्री अमावास्या, २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस आणि ईस्टरची पहाट हे दिवस चांगले, कारण त्या दिवशी घरचे लोक आपल्या माणसाच्या जागेवर येतात. मात्र त्या दिवशी वही काढू नये. नमस्कार-सलाम करावा, ओळख करून द्यावी, पत्ता विचारावा आणि सवडीने घरी जावे. घरी गेल्यावर ‘कोण वारले?’ असा थेट प्रश्न न विचारता ‘तुमचे आजोबा सोलापुरात कोणाच्या ओळखीने आले?’ येथून सुरुवात केली तर बोलणे आपोआप पुढे सरकते. रेकॉर्डिंग करायचे तर आधी विचारावे, आणि नको म्हटले तर हाताने लिहावे.

नोंद जपणे

सर्व मजकूर युनिकोडमध्ये टंकावा, म्हणजे वीस वर्षांनीही तो शोधता येईल. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या आज कोणाला उघडत नाहीत. मूळ लिपी, देवनागरी लिप्यंतर आणि मराठी अर्थ असे तीन वेगळे रकाने ठेवावेत. तारखेसाठीही दोन: दगडावर आहे ती, आणि आपण काढलेला इसवी सन. वाचन कोणी केले आणि कोणत्या दिवशी केले हे प्रत्येक पानावर असावे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांतील मृतांची माहिती सार्वजनिक करू नये. मृत्यूचे कारण, लहान मुलांची नावे, कुटुंबाचा पत्ता आणि घरातील वाद हे संस्थेच्या प्रतीतसुद्धा घरच्यांच्या संमतीशिवाय घालू नये. कोणी आपल्या माणसाचे नाव काढून टाका म्हणाले तर नाव काढावे आणि क्रमांक, माप व दगडाचा प्रकार तेवढा ठेवावा, म्हणजे नकाशात भोक पडत नाही.

शेवटी चार प्रती कराव्यात: एक त्या भूमीच्या संस्थेला, एक शहरातील ग्रंथालयाला, एक विद्यापीठाच्या इतिहास विभागाला आणि एक स्वतःकडे. किमान एक प्रत कागदावर, बांधीव वहीच्या रूपात असावी, आणि प्रत्येक पानामागे कोरी जागा सोडावी, कारण वही संस्थेच्या कपाटात गेल्यानंतरच कोणी तरी येऊन सांगतो की क-४-१७ ही त्याच्या पणजीची कबर आहे.